घरातला ‘वेंधळा’

वाचकहो, तुमच्या घरात नाहीतर भाऊबंदकीत असा एक माणूस नक्की असेल. पंगतीत त्याच्या हाती वरणाची बादली द्यायला कुणी धजत नाही. पाण्याचा पेला त्याच्या हातून हमखास लवंडतो. घराची ठेंगणी चौकट चाळीस वर्षे त्याच जागी आहे, तरी आठवड्यातून एकदा त्याचे कपाळ तिला जाऊन भिडते. गाईचे दावे त्याने बांधले तर अर्ध्या तासात गाय शेजाऱ्याच्या बांधीत. हा माणूस वेडा नाही, आंधळा नाही, लुळाही नाही. उलट हिशेबाला पक्का, बोलायला समजूतदार, शाळेत पहिल्या पाचांतला. आणि म्हणूनच घरच्यांना त्याचा जास्त राग येतो. एवढी अक्कल आहे तर साधी गाठ कशी मारता येत नाही? या प्रश्नाचे उत्तर घरचे लोक स्वतःच देऊन टाकतात. लक्ष नाही, कामाचा कंटाळा आहे, आईने लाडावला आहे, नाहीतर मुद्दाम करतो.

आमच्या घरातला हा माणूस मी आहे. वय ५७, शेतकीचा पदवीधर, पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी. एरवी मी तुमच्याशी बोलतो ते तुडतुडा, खोडकिडा, खताची मात्रा यांवर. आज थोडे घरातले बोलतो. पुढच्या वर्षी निवृत्त होऊन गावी परतायचे आहे, आणि तिथल्या घरात माझ्याबद्दल जे पक्के मत झालेले आहे त्याच्याशी आता रोज गाठ पडणार आहे. असा माणूस आणखी कुणाच्या घरात असेल तर त्याला आणि त्याच्या घरच्यांना या अनुभवाचा उपयोग होईल असे वाटते.

आमचे गाव आज गोंदिया जिल्ह्यात आहे. माझ्या लहानपणी ते भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. मुलूख धानाचा. आठ एकर धानाची शेती, दोन भाऊ, एक बहीण. धानाच्या मुलखात पोराची परीक्षा शाळेत होत नाही, रोवणीत होते. कापूस-ज्वारीच्या भागातल्या वाचकांसाठी सांगतो. घोटाभर चिखलात कमरेत वाकून मागे मागे सरकायचे. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी. त्याच हाताच्या अंगठ्याने दोन-तीन रोपे मोकळी करायची, उजव्या हाताने ती उचलून दोन-तीन सेंटिमीटर खोल खोवायची, नजर ओळीवर ठेवायची आणि पाय मागे टाकताना शेजारणीची रोपे तुडवायची नाहीत. इतक्या गोष्टी एका वेळी होतात, आणि आमच्याकडच्या बाया हे सारे करता करता गाणी म्हणतात, सासूच्या तक्रारी सांगतात. त्यांच्या हाताला ते काम मुरलेले असते. माझे तसे कधीच झाले नाही. अंगठ्याकडे लक्ष दिले की पाय चुकायचा, पायाकडे पाहिले की चुडात दोन ऐवजी दहा रोपे जायची. काही रोपे वरच राहायची आणि संध्याकाळी बांधीतल्या पाण्यावर तरंगायची. बाया हसत. बाबूजी धुऱ्यावर उभे असत. ते हसत नसत, आणि तेच मला जास्त लागायचे.

थोरले भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. बाराव्या वर्षी ते नागर धरत होते. मी बाराव्या वर्षी बैलाच्या मानेवरची जोताची गाठ मारली ती बांधीपर्यंतही टिकली नाही. धान कापल्यावर भारे बांधायला बसलो तर माझे भारे पुंजण्यापर्यंत जाता जाता सुटत. सायकल सतराव्या वर्षी आली, मोटारसायकल आजवर आली नाही. नोकरीतली सगळी फिरती मी एस.टी.ने, पायी, नाहीतर एखाद्या शेतकऱ्याच्या मागच्या सीटवर बसून केली आहे. कॉलेजात लेखी परीक्षेत माझे नाव वर असे, पण संत्र्याचा डोळा बांधायच्या प्रात्यक्षिकात साल फाटायची, डोळा खाली पडायचा. हाताखालून शंभर डोळे गेले तेव्हा कुठे दहा जगले. वर्गातल्या इतर मुलांचे पहिल्या आठवड्यातच जगले होते.

घरात एकटी आई वेगळी वागायची. माझा पेला ती नेहमी अर्धा भरायची आणि संपला की पुन्हा अर्धा. ताट ठेवायची ते भिंतीच्या बाजूला, जाण्यायेण्याच्या वाटेवर कधी नाही. मजुरांची हजेरी, रोजीचा हिशेब, बियाण्याची राखण ही कामे तिने माझ्याकडे सोपवली. कुणी काही बोलले तर म्हणायची, ‘‘त्याचा हात उशिरा वळते, वळते जरूर.’’ तिला अक्षरओळखही नव्हती. पुढे नागपूरला मला जे सांगितले गेले त्यातले निम्मे ती आधीच करीत होती.

बाकीच्यांची उत्तरे मात्र वर्षागणिक बदलत गेली. लहानपणी ‘धांदरट’ होतो. मग एका नातेवाइकाने लाखोळीचा शोध लावला. आमच्याकडे उभ्या धानात लाखोळी फेकण्याची रीत जुनी, आणि दुष्काळात महिनोन्‌महिने तीच डाळ खाल्ली तर पाय ताठतात हे जुन्या माणसांनी पाहिलेले. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती, ती महाराष्ट्राने पुढे उठवली. पण लाखोळीचा रोग पायांचा आहे. तो धडधाकट माणसाला मागाहून होतो, आणि त्याने शर्टाची गुंडी लावायला अडचण येत नाही. शिवाय आमच्या घरात ती डाळ सगळ्यांनीच खाल्ली होती. असो.

तिसरे उत्तर सगळ्यात वाईट निघाले. १९९४ च्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचे लग्न होते. नवरीच्या भावाने पंगतीत वाढायचे असते, म्हणून बादली हातात आली. दोन रांगांमधल्या अरुंद वाटेत तिसऱ्या पानाशी पाय अडखळला आणि वरण एका वयस्क पाहुण्याच्या पांढऱ्या धोतरावर गेले. ते म्हणाले, ‘‘काहून गा, दिवसाच घेऊन आलास का?’’ मांडव हसला. भाऊ हसले नाहीत. त्यांनी बादली घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘जा, मांडवाच्या मागं बैस.’’ मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण त्या दिवसापासून पाच-सहा गावांत मी पिणारा झालो. माझ्या लग्नाच्या वेळी एक स्थळ याच कारणाने परत गेले. सौ.च्या वडिलांच्याही कानावर ते आलेच होते. त्यांनी मात्र मला समोर बसवून सरळ विचारले, मी सरळ सांगितले, आणि त्यांनी विश्वास ठेवला. अशी माणसे थोडी.

चौथे उत्तर देवाधर्माचे. नवे घर बांधले तेव्हा वास्तूच्या पूजेत माझ्या हातून कलश कलंडला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. त्याच दिवाळीत कापून टाकलेल्या कडपा अवकाळी पावसात भिजल्या, धानाला कोंब फुटले, आणि त्याचाही हिशेब त्या कलशाशी लागला. वहिनी वाईट नाहीत. मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसतील. पण त्यानंतर पूजेच्या ताटाला मला कुणी हात लावू दिला नाही. माझ्या स्वतःच्या लेकीच्या बारशाला तिला माझ्या मांडीवर ठेवले, उभ्याने हातात दिली नाही.

हे सगळे मी गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. घरच्यांनी दिलेली उत्तरे एकातून दुसरी कशी निघतात ते तुम्हाला दिसावे म्हणून सांगतो. गोष्टीला खरे कारण सापडले नाही की माणसे मिळेल ते कारण लावतात. आणि घराने लावलेले कारण गावात जाते, गावातून सोयरिकीत जाते.

खरे कारण आमच्या घरात आणले ते भावाच्याच मुलीने. ती नागपूरला ऑक्युपेशनल थेरपी शिकत होती. अपघात, लकवा किंवा जन्मजात अडचण यांमुळे ज्यांना रोजची कामे जमत नाहीत, त्यांना ती कामे करायला शिकवण्याची ही विद्या आहे. २०१८ च्या दिवाळीत ती घरी आली होती. मी चपलेचा पट्टा लावीत होतो आणि ती दारातून पाहत होती. तिने एकदम विचारले, ‘‘काका, तुम्हाला चेंडू झेलता यायचा का? सायकल कितव्या वर्षी आली? जिना उतरताना कठडा धरता का?’’ एकामागून एक वीस प्रश्न विचारले, आणि उत्तरे जणू तिला आधीच ठाऊक होती. महिन्याभराने तिच्या आग्रहाखातर नागपूरला गेलो. आधी मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी दुसरा काही रोग नाही याची खात्री केली. मग तिच्या ओळखीच्या एका जाणत्या थेरपिस्ट बाईंनी दीड तास कागद कापायला, मणी ओवायला, एका पायावर उभे राहायला लावले आणि लहानपणाबद्दल बारकाईने विचारले. शेवटी नाव सांगितले : डिस्प्रॅक्सिया.

म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. हातापायात बळ आहे, बुद्धी शाबूत आहे, नजर ठीक आहे. पण ‘काय करायचे’ हे ठरल्यावर ‘कोणता स्नायू आधी, कोणता नंतर, किती जोराने’ ही मेंदूतली जुळवाजुळव सहज होत नाही. विहिरीत पाणी आहे, मोटर चालू आहे, शेतही तयार आहे, पण पाटाची दारे कोणती आधी उघडायची याचा घोळ आहे, असे समजा. इतरांना दहा वेळा करून जे अंगवळणी पडते ते अशा माणसाला शंभर वेळा करावे लागते, आणि तरीही त्यावरचे लक्ष काढून चालत नाही. म्हणून तो लवकर थकतो. संध्याकाळी जास्त सांडतो. कुणी टक लावून पाहत असले की आणखी सांडतो. पुष्कळांना वेळेचा अंदाज आणि कामांचा क्रम लावणेही जड जाते. हे लहानपणापासूनचे असते, घराण्यात एकाहून अधिक जणांत दिसू शकते, आणि मोठेपणी आपोआप जातेच असे नाही. शाळेच्या वयाच्या शंभर मुलांत पाच-सहांना ते असते असा जगभरचा अंदाज आहे. म्हणजे चारशे पोरांच्या शाळेत वीस-पंचवीस. ती पोरे आज कोणती नावे ऐकत असतील ते तुम्हीच ताडा.

डॉक्टर मंडळीही फार पूर्वीपासून शहाणी होती असे नाही. ऑस्ट्रेलियातले मज्जातंतुतज्ज्ञ डॉ. गब्बे यांनी १९७५ साली यावर पुस्तक लिहिले, त्याचे इंग्रजी नावच मराठीत ‘वेंधळे मूल’ असे होईल. पुढे १९९४ साली कॅनडात जाणकारांची बैठक झाली आणि ‘वेंधळे’ हा शब्द टाकून, अंगाच्या हालचालींचा ताळमेळ नीट न जुळण्याचा विकार अशा अर्थाचे सभ्य नाव ठरले. आपल्या देशात १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात याचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यातल्या ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या प्रकाराच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सिया हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. मला या वयात दाखला नको आहे, सवलत नको आहे. पण ज्या गोष्टीला देशाच्या कायद्यात नाव आहे तिला घरात नुसते ‘नाटक’ म्हणता येणार नाही, एवढा आधार त्यातून मला मिळाला.

ऑक्युपेशनल थेरपीवरून एक गोष्ट आठवली, ती शेतकऱ्यांना सांगण्यासारखी आहे. ही विद्या भारतात आणली कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी, लग्न करून निंबकर झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. फलटणचे शेतीसंशोधक बी. व्ही. निंबकर, ज्यांच्या कापसाच्या बियाण्याचे आणि मेंढ्यांवरच्या कामाचे नाव आपण ऐकतो, ते त्यांचे चिरंजीव. आई माणसांच्या हातांना काम शिकवीत होती, मुलगा शेतीत शिरला.

एक इशारा मध्येच देतो, कारण माझा धंदाच इशारे देण्याचा आहे. मी सांगतो ते जन्मापासूनचे आहे. चांगला चालता-बोलता माणूस अचानक अडखळू लागला, एका बाजूचा हात गळाला, बोलणे अडले, तर तो डिस्प्रॅक्सिया समजून घरी बसू नका, तो लकवा असू शकतो. हात हळूहळू थरथरू लागले तरीही डॉक्टर गाठा. आणि फवारणी करून आलेल्या माणसाचे हात कापू लागले, घाम सुटला, लाळ गळू लागली, डोळ्यांपुढे धूसर झाले, तर ती विषबाधा आहे. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखान्यात जा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले ते आपण विसरलेलो नाही.

आता घरच्यांचे. नागपूरहून परतल्यावर पुतणीनेच सगळ्यांना बसवून सांगितले. भावाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘पन्नाशीत कसला आजार निघते? नाव ठेवलं म्हणजे आजार झाला का?’’ पुतणीने हॅरी पॉटरच्या सिनेमातल्या डॅनियल रॅडक्लिफ या नटाचे उदाहरण दिले. त्याने २००८ साली सांगितले होते की त्याला हीच अडचण आहे, बुटाची नाडी बांधणे अजून जड जाते. भाऊ म्हणाले, ‘‘तो नट आहे. त्याले कुठं रोवणी करायची आहे?’’ यावर मलाही हसू आले. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ चित्रपटातल्या पोरासाठी याच घरातल्या सगळ्यांनी डोळे पुसले होते. मूल असले की कीव येते. मिशा पिकलेला माणूस असला की कीव येत नाही, शंका येते.

वहिनींचे उलट झाले. त्या एकदम हळव्या झाल्या. मला कोणत्याच कामाला हात लावू देईनात. चहाची कपबशीसुद्धा दोन्ही हातांनी आणून माझ्या हातात धरून ठेवू लागल्या. हा प्रकार टोमण्यांपेक्षा बरा असे तुम्हाला वाटेल. मला तो जास्त जाचला. टोमणे मारणारा निदान तुमच्याकडून कामाची अपेक्षा तरी ठेवतो.

सहा-सात वर्षांत मी एक शिकलो. घरच्या माणसांना आजाराचे नाव समजावत बसून फारसे हाती लागत नाही. ती दृष्टीला पडेल तेच मानतात, आणि त्यात त्यांचे चुकत नाही. आपण विस्तारवाले तरी दुसरे काय करतो? नव्या वाणावर भाषण दिले तर शेतकरी जांभया देतो, त्याच्याच बांधीत अर्धा एकर करून दाखवला तर पुढल्या वर्षी स्वतः बियाणे मागायला येतो. म्हणून मी घरात व्याख्यान देणे सोडले आणि एकेका कामाचे बोलायला लागलो. ‘मला समजून घ्या’ असे म्हटले तर समोरच्याला नेमके काय करायचे ते कळत नाही. ‘पेला अर्धा भरा’, ‘चालताना मागून हाक मारू नका’, ‘एका वेळी एकच काम सांगा’, ‘मी गाठ मारताना हाताकडे पाहत उभे राहू नका’, एवढे मात्र कुणालाही कळते. वहिनींना मी म्हटले, ‘‘वहिनी, कपबशी नको, दांडीचा मोठा मग द्या आणि ओट्यावर ठेवा, मी घेतो.’’ त्या दिवसापासून चहा सांडलेला नाही, आणि त्यांचे हात धरणेही थांबले.

थेरपिस्ट बाईंनी एक रीत शिकवली होती. कॅनडातल्या हेलेन पोलाताज्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली ही रीत आहे. काय साधायचे ते ठरवा, कसे करायचे ते मोठ्याने बोला, करा, मग तपासा कुठे अडले. हात नुसता दामटून उपयोग नाही. ज्या कामात अडते त्याच कामाचे तुकडे करून सराव करायचा. मी ते फवारणीच्या पंपावर लावून पाहिले. पाठीवरच्या पंपात डावा हात दांडा हलवतो, उजवा नळी फिरवतो, आणि पाय धुऱ्यावर चालतात. माझ्यासारख्याला हा पंप म्हणजे शिक्षा. तुकडे पाडल्यावर दिसले की खरी अडचण डाव्या हाताची आहे. बॅटरीचा पंप घेतला, डावा हात मोकळा झाला, त्यात काठी धरली. भाऊ म्हणाले, ‘‘म्हाताऱ्यावानी काठी घेऊन फवारणी?’’ पण त्या दिवशी मी एकदाही पडलो नाही, आणि औषध माझ्या अंगावर न येता धानावर गेले.

नोकरीतही मी हेच करीत आलो होतो, फक्त त्याला नाव नव्हते. बियाण्याला मिठाच्या पाण्याचे प्रात्यक्षिक घ्यायचे, १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तर मी बादलीला हात लावीत नाही. गावातल्याच एखाद्या बाईला पुढे बोलावतो. ती धान ओतते, हलवते, वर आलेले पोचट दाणे काढते, तळाचे बियाणे दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत पसरते. मी बाजूला उभा राहून सांगतो. लोकांना वाटते साहेबांची शिकवायची पद्धत चांगली आहे. पद्धत चांगली आहेच.

आता खरा प्रश्न जमिनीचा. बाबूजी गेल्यावर वाटण्या झाल्या, माझ्या नावावर चार एकर आले. नोकरीमुळे ते आजवर भाऊ मक्त्याने करीत आले. मक्ता वेळेवर दिला, एक रुपया कमी नाही. निवृत्तीनंतर मी स्वतः करीन म्हटले तेव्हा मात्र ते गप्प झाले. दोन दिवसांनी म्हणाले, ‘‘तुझ्यानं होत नाही. लोक हसतील, मग मले बोल लागेल.’’ यात लोभ नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. त्यांच्या डोळ्यांपुढे बारा वर्षांचा, चिखलात रडकुंडीला आलेला पोरगा होता. पंचेचाळीस वर्षांत तो त्यांच्या नजरेतून हललाच नव्हता.

मी त्यांना उलट विचारले, ‘‘भाऊ, मागच्या पाच वर्षांत तुम्ही नागराला हात कधी लावला?’’ चिखलणी ट्रॅक्टरवाला करतो. रोवणी बायांच्या टोळीला गुत्त्याने जाते. कापणीला हार्वेस्टर येते. आज धान पिकवणाऱ्याला हाताच्या सफाईपेक्षा जास्त लागते ते वेगळेच आहे. पऱ्हे किती दिवसांचे झाले, टोळी कोणत्या दिवशी येणार, पाणी बांधीत किती ठेवायचे, युरिया एकदम टाकायचा की हप्त्याने, तुडतुडा बुडाशी आहे का, ही नोंद ठेवायला लागते. ते मला येते, आणि तेच मी तीस वर्षे दुसऱ्यांना सांगत आलो आहे. भाऊ यावर बोलले नाहीत. आमच्याकडे मोठा भाऊ ‘बरोबर आहे’ असे म्हणत नाही, तंबाखू मळतो.

या खरिपात भावाने अर्धा एकर मोकळा दिला. नायलॉनच्या दोरीला मी घरीच वीस-वीस सेंटिमीटरवर लाल चिंध्या बांधून घेतल्या. गाठी पुतणीने मारल्या, त्या मी मारल्या असत्या तर तुम्ही वाचतच आहात. टोळीतल्या बायांना दोरीवर रोवायला आधी नको वाटत होते, काम रेंगाळते म्हणत होत्या. गुत्त्यावर थोडे वाढवून दिले. मीही एक ओळ रोवली. चिंधी दिसली की थांबायचे, दोन रोपे, खोवायचे, पुढची चिंधी. अंदाज करायला काही उरलेच नाही. माझी एक ओळ होईतो बायांच्या चार झाल्या. एक म्हातारी बाई, जी पूर्वी आमच्याकडे रोवणीला यायची, ती ओळ बघून म्हणाली, ‘‘मालकाचा हात वळला गा.’’

भाऊ धुऱ्यावर उभे होते, बाबूजी उभे राहायचे तिथेच. ओळीकडे बराच वेळ पाहून म्हणाले, ‘‘ओळ सरळ आहे. पण तू चिखलातून बाहेर येताना काठी घे, नाहीतर माझ्यावर येशील.’’ आणि स्वतःच काठी पुढे केली.

उरलेल्या साडेतीन एकराचे बोलणे दिवाळीनंतर करू असे ठरले आहे. वास्तूच्या पूजेचे ताट अजून माझ्याकडे आलेले नाही. वहिनींना मी एवढेच सुचवले आहे की, कलश पाटावर आधीच ठेवा, मी बसून फक्त पाणी घालीन. त्या ‘बघू’ म्हणाल्या आहेत.